ध्वनिपेटीचे पाय

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाचे चिरे शिशाच्या रसांत बसविले, असें परंपरा सांगते. १६६४ सालीं कुरटे बेटावर आरंभिलेला तो तट आजहि मालवणच्या समुद्रांत उभा आहे. जें उभें राहावयाचें त्याची बैठक आधीं पाहावी, हा त्याचा धडा. परंतु त्याच किनाऱ्यावरील घरांत मोठ्या किंमतीचा स्पीकर येतो, तेव्हां नेमका तोच विसरला जातो. पेटी डुगडुगूं लागली कीं तिच्याखालीं पुठ्ठ्याची घडी सारतात, आणि गाणें मंद वाटलें कीं यंत्राला दोष देतात.

जुन्या घरांतील कोबा किंवा शहाबादी फरशी सर्वत्र समपातळींत सांपडणें कठीण. तीन पायांची तिवई अशा जमिनीवरहि डुलत नाहीं, कारण तीन बिंदु नेहमीं एकाच पातळींत येतात. चार पायांना तें भाग्य नाहीं. तथापि उंच, अरुंद पेटी तीन पायांवर लवकर कलंडते. म्हणून तिला चार पाय द्यावे, आणि ते आटे फिरवून कमीअधिक करतां येतील असे निवडावे. अशा टोंकदार पायांना दुकानांत स्पाइक म्हणतात.

त्यांचा दुसरा उपयोग कल देण्याचा. जाड नाद चहूंकडे पसरतो, परंतु बारीक स्वर बऱ्याच अंशीं सरळ पुढें जातात. त्यांचा छोटा कर्णा, म्हणजे ट्वीटर, ऐकणाराच्या गुडघ्याकडे रोंखलेला असला, तर दशावतारी पदांतील पखवाज भरपूर ऐकूं येतो आणि झांज मात्र फिकी पडते.

कल किती द्यावा, हें त्रैराशिकानें निघतें. समजा, ऐकणारा अडीच मीटरवर बसला आहे, ट्वीटर त्याच्या कानाहून २० सेंटिमीटर खालीं आहे, आणि पेटीच्या पुढच्या व मागच्या पायांत २५ सेंटिमीटर अंतर आहे. मग पुढची बाजू २ सेंटिमीटर उचलावी. ८ मिलिमीटर जाडीच्या सर्वसाधारण स्क्रूचा आटा एका फेऱ्यांत सव्वा मिलिमीटर चढतो. म्हणजे सोळा फेरे पुरतात. आट्याचा निदान जाडीइतका भाग पेटींत राहिला पाहिजे आणि वर घट्ट करावयाची चाकीहि बसली पाहिजे. म्हणून येथें साडेतीन सेंटिमीटरहून आंखूड आटा घेऊं नये. याहून अधिक कल लागत असेल, तर पेटीच उंच ठेवावी; फार कललेली पेटी मागें पडते, आणि घरांत लहान मुलें असतात.

टोंकाचें सामर्थ्य क्षुद्र समजूं नये. वीस किलोची पेटी चार टोंकांवर उभी राहिली, तर प्रत्येकावर पांच किलोचा भार येतो. टोंक एक चौरस मिलिमीटरचें असेल, तर चौरस सेंटिमीटरला पांचशें किलो दाब झाला! वाडवडिलांनीं घातलेल्या फरशीवर त्याचा खळगा पडतो. प्रत्येक टोंकाखालीं धातूची खोलगट चकती अवश्य घ्यावी. माळ्याच्या लांकडी तक्तपोशीवर तर टोंकांपेक्षां रबरी पाय बरे; टोंकांवाटें पेटीचा कंप फळ्यांत उतरतो आणि फळ्याहि घुमूं लागतात.

खाऱ्या वाऱ्यांत साधें लोखंड गंजतें आणि एके दिवशीं चाकी फिरतच नाहीं. पितळ किंवा स्टेनलेस पोलाद घ्यावें. टोंकांमुळें स्वर अमृतमय होतो, हें विक्रेत्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, पण त्यासाठीं निराळी किंमत देऊं नये. दगडी जमिनीवर त्यांचें खरें काम एवढेंच कीं पेटी स्थिर ठेवणें आणि योग्य दिशेस रोंखणें.

प्रथम गवंड्याची पाणसळ लावून पेटी आडव्या दिशेनें समपातळींत आणावी, मग पुढून कल द्यावा, चाक्या आवळाव्या आणि पेटीला हलकेंच ढकलून पाहावें. ती डुलली नाहीं, आणि रात्रीं घरांतील वृद्धांना आपल्या नेहमींच्या जागीं बसून झांज स्पष्ट ऐकूं आली, म्हणजे निवड योग्य झाली.