लाल गोळी आणि तिची विचारपूस

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून आपल्या उपकेंद्रांत बाईच्या हाती लाल गोळ्यांची पाकिटं पडतात. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. रोज एक, निदान 180 दिवस. तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली आढळलं, आणि पूर्ण 180 दिवस गोळ्या घेतलेल्या माता होत्या अवघ्या 26 टक्के. कुठे गोळ्या पोचत नाहीत, हे खरंच. पण पोचलेली गोळीही पुष्कळदा फडताळातच राहते. गोळी हातावर ठेवली म्हणजे शुश्रूषा झाली असं आपण धरून चाललो आहोत, आणि माझ्या मते चूक तिथेच होते.

या गोळीचा अर्धा इतिहास मुंबईचा आहे. 1928 साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, ती गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घ्यायला. तिने रक्त तपासलं, तसंच या बायका काय खातात हेही पाहिलं. दुखणं आहाराशी जोडलेलं आहे हे तिला उमगलं, आणि यीस्टच्या अर्काने ते बरं होतं हे तिने 1931 साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. बाईच्या ताटाची चौकशी केली म्हणून सापडलेलं औषध आपण आज चौकशी न करता वाटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, गोळ्या कशाला, पालेभाजी नि गूळ खावा. जरूर खावा, पण गरोदरपणात एकूण सुमारे 1000 मिलिग्रॅम जादा लोह लागतं आणि पालेभाजीतलं लोह अंगाला फार थोडं लागतं. नुसत्या ताटावर ही तूट भरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लसीकरण, नोंदी, बाळंतपणं सांभाळणाऱ्या सिस्टरला वेळ कुठला? पण “गोळ्या घेता ना?” या प्रश्नाला “हो” एवढंच उत्तर मिळतं. “गोळी घेतल्यावर काय होतं?” असं विचारलं की मळमळ, शौचाला काळी होणं, “गोळी उष्ण पडते” ही धास्ती, सगळं बाहेर येतं. मग सांगता येतं की काळा रंग लोहाचाच, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, लिंबूपाणी चालेल. याला पाच मिनिटं लागतात. ती मिळावीत म्हणून सिस्टरच्या दोन नोंदवह्या कमी कराव्या लागल्या तरी कराव्यात, कारण बाळंतपणात जो रक्तस्राव धडधाकट बाई सोसते, तोच अंगात रक्त नसलेल्या बाईचा जीव घेऊ शकतो.

बाळंतपणानंतरही आणखी 180 दिवस हीच गोळी घ्यायची असते, आणि नेमकी तेव्हा तिची आठवण कोणालाच राहत नाही. घरी येणारा जो तो बाळाचं वजन विचारतो. आशाताईंनी त्याच भेटीत आईचं पाकीट मागून घ्यावं आणि उरलेल्या गोळ्या मोजाव्यात.