तीन आठवड्यांची रजा आणि दुभंगलेला पक्ष
(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)

कामगारांच्या मतांवर निवडून आलेला पुढारी मंत्रिपदावर बसल्यानंतर कोणाला जबाबदार असतो? आपल्या पक्षाला की विधिमंडळाला? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हा प्रश्न १९५७ साली अगदी उघड स्वरूपात उभा राहिला. तेथील मुख्यमंत्री व्हिन्स गेर यांची कारकीर्द म्हणूनच अभ्यासण्याजोगी आहे.

गेर १९३२ मध्ये मजूर पक्षातर्फे विधानसभेत आले, १९४२ मध्ये मंत्री आणि १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाले. १९१५ पासून, १९२९ ते १९३२ हा काळ वगळता, राज्यात मजूर पक्षाचीच सत्ता होती. परंतु दीर्घ सत्तेने पक्षाचे सरकार कामगारांपासून दुरावत गेले होते. १९४८ च्या रेल्वे संपात हॅन्लन यांच्या मजूर सरकारने संपाविरुद्ध पोलीस वापरले. कम्युनिस्ट आमदार कॉ. फ्रेड पॅटरसन यांच्या डोक्यावर ब्रिस्बेनच्या रस्त्यावर लाठी बसली. पुढे मतदारसंघांच्या फेररचनेत त्यांचा मतदारसंघही नाहीसा करण्यात आला. गेर त्या सरकारात मंत्री होते.

१९५५ मध्ये कम्युनिस्टविरोधी गटांच्या प्रश्नावर मजूर पक्ष देशपातळीवर फुटला. क्वीन्सलँडमध्ये मात्र फुटीचे निमित्त ठरली एक साधी आर्थिक मागणी. कामगारांना दोनऐवजी तीन आठवड्यांची पगारी रजा द्यावी, असा पक्षाचा आदेश होता. तिजोरीची सबब सांगून गेर यांनी तो टाळला. लोकर कातरणाऱ्या कामगारांच्या १९५६ च्या लढ्यापासून त्यांची जुनी पाठीराखी ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनही विरोधात गेली होती. अखेर २४ एप्रिल १९५७ रोजी पक्षाच्या कार्यकारिणीने त्यांची हकालपट्टी केली. जॅक डगन वगळता सारे मंत्रिमंडळ गेर यांच्यामागे गेले आणि क्वीन्सलँड मजूर पक्ष स्थापन झाला.

जूनमध्ये खर्चाच्या मंजुरीचा प्रस्ताव आला. मूळ मजूर पक्षाने जमीनदार-भांडवलदारांच्या विरोधी पक्षांसह मतदान करून सरकार पाडले. ३ ऑगस्टच्या निवडणुकीत दोन्ही मजूर पक्षांच्या मतांची बेरीज निम्म्याहून अधिक भरली. तरीही मते विभागल्यामुळे सत्ता कंट्री व लिबरल पक्षांच्या हाती गेली. ती मजूर पक्षाकडे परत आली ती १९८९ मध्ये, बत्तीस वर्षांनी! त्यामधील काळात ब्येल्की-पीटरसन यांच्या सरकारने १९७७ मध्ये रस्त्यावरील मोर्चांवर बंदी घातली आणि १९८५ मध्ये शेकडो वीज कामगारांना कामावरून काढून टाकले.

गेर स्वतः १९६० मध्ये पराभूत झाले. पुढे ते डेमोक्रॅटिक लेबर पक्षाचे सिनेटमधील नेते बनले. आपली दुसऱ्या पसंतीची मते लिबरलांकडे वळवून मजूर पक्षाला सत्तेबाहेर ठेवणे, हेच या पक्षाचे कार्य होते. १९७४ मध्ये त्याच गेर यांनी मजूर पंतप्रधान व्हिटलम यांच्याकडून आयर्लंडमधील राजदूतपद स्वीकारले. त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकले आणि मे महिन्यातील निवडणुकीत सिनेटमधील सर्व जागा गमावल्या.

कॉम्रेड्स, यातून दोन धडे मिळतात. पहिला: विधिमंडळातील गट पक्षाचा धनी झाला की कामगारांची रजादेखील त्याला परवडेनाशी होते. दुसरा धडा तितकाच कठोर आहे. कार्यकारिणीचा आग्रह न्याय्य होता. परंतु त्यामागे कारखान्या-कारखान्यांतील कामगारांचे जागृत पाठबळ उभे करण्याआधीच हकालपट्टी झाली आणि विजय शत्रूच्या पदरात पडला.

त्याच एप्रिल महिन्याच्या ५ तारखेला केरळात कम्युनिस्ट मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. कामगारांच्या न्याय्य लढ्यांविरुद्ध पोलीस वापरणार नाही, असे त्याने जाहीर केले. सरकार चळवळीचे साधन आहे, चळवळ सरकारची पायरी नव्हे, हा त्या घोषणेचा अर्थ होता. तो प्रत्येक शाखेत, प्रत्येक युनियनमध्ये जागता ठेवणे हेच आपले काम आहे.