‘बेवारस’ निधीचे वारस
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजचा विषय वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटेल. अर्ज, खाते क्रमांक, साक्षांकन या गोष्टींवर कोणी घोषणा देत नाही. परंतु ज्या पैशाविषयी आपण बोलणार आहोत, तो श्रमिकाच्या घामाचा पैसा आहे, आणि तो आज श्रमिकाच्या घरी नाही. तो सरकारी दप्तरांत व बँकांच्या खातेवह्यांत पडून आहे. त्याला ‘बेवारस’ असे नाव मिळाले आहे. हे नाव खरे आहे काय, येथूनच आपण सुरुवात करू.

प्रथम भविष्य निर्वाह निधी पाहू. 1952 च्या कायद्याने ही योजना अस्तित्वात आली. सर्वसाधारणपणे कामगाराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून शेकडा 12 कापले जातात आणि तितकीच रक्कम मालकाने भरावयाची असते. मालकाच्या हिश्श्यातील 8.33 टक्के 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेकडे जातात. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. आज केलेल्या श्रमाचा मोबदला म्हातारपणापर्यंत लांबणीवर टाकलेला असतो, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून तो परत मागणारा कामगार याचक नसतो. तो धनको असतो.

मग हा धनको हरवतो कसा? त्याचे उत्तर आपल्या औद्योगिक इतिहासात आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत हजारो कामगार कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात आपापल्या गावी परतले. अहमदाबादच्या गिरण्या त्याच दशकात एकामागून एक बंद पडल्या. कानपूरचे भोंगेही पुढे शांत झाले. कामगार गावाकडे गेला, पत्ता बदलला, आणि अर्जावर सही करणारा मालक उरला नाही. त्यापुढच्या पिढीला कंत्राटी पद्धतीने ग्रासले. कंत्राटदार बदलला की नवे खाते उघडले जाई व जुने मागे राही. 2014 साली सार्वत्रिक खाते क्रमांक आला, तोपर्यंत एकाच माणसाच्या नावावर चार गावांत चार खाती असणे ही नित्याची बाब होती. या खात्यांना जोडणारा धागा कामगाराच्या स्मरणाखेरीज दुसरा नव्हता.

शासनाने या परिस्थितीवर काय केले? 1 एप्रिल 2011 पासून निष्क्रिय खात्यांवरील व्याज थांबवण्यात आले. म्हणजे पैसा सरकारजमा राहिला, त्यावर उत्पन्न होत राहिले, परंतु खातेदाराचा वाटा गोठला. कामगारांच्या सततच्या मागणीनंतर नोव्हेंबर 2016 मध्ये हे व्याज पुन्हा सुरू झाले. दरम्यान 2015 च्या अर्थसंकल्पीय भाषणात भविष्य निर्वाह निधीत सुमारे 6,000 कोटी व सार्वजनिक भविष्य निधीत सुमारे 3,000 कोटी रुपये दावा न केलेले असल्याचे सांगण्यात आले, आणि अशा रकमांतून ज्येष्ठ नागरिकांसाठी कल्याण निधी उभारण्याची तरतूद झाली. वृद्धांच्या कल्याणाला कोणाचा विरोध असेल? प्रश्न एवढाच होता की ज्याचा पैसा आहे, तो वृद्ध कामगार शोधण्याचा प्रयत्न आधी का नको?

संसदेतील उत्तरांत सरकारनेच पुढे असे म्हटले की या खात्यांना निश्चित दावेदार आहेत. 2023-24 अखेर अशा निष्क्रिय खात्यांची संख्या साडेएकवीस लाखांवर व रक्कम 8,500 कोटींवर होती. दावेदार निश्चित असतील तर ‘बेवारस’ हा शब्द खोटा ठरतो. वारस आहेत. त्यांच्या हाती कागद नाही, एवढेच.

बँकांचेही असेच आहे. 10 वर्षे ज्या ठेवीची चौकशी झाली नाही, ती 2014 च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. मार्च 2024 अखेर ही रक्कम 78,213 कोटी रुपये होती. यात केवळ धनिकांच्या विसरलेल्या ठेवी आहेत असे समजू नये. 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत एकट्या सार्वजनिक बँकांनी 10.24 कोटी खात्यांतील 35,012 कोटी रुपये या निधीत वर्ग केले होते. भागाकार करून पाहा: खात्यामागे सरासरी साडेतीन हजार रुपयेही पडत नाहीत. ही लहान माणसांची बचत आहे. समाधानाची गोष्ट अशी की निधीत गेल्यानेही हक्क संपत नाही. ठेवीदार वा त्याचा वारस केव्हाही आपल्या बँकेकडे दावा करू शकतो. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अनेक बँकांतील अशा ठेवी नावानिशी एकत्र शोधता येतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जेथे हक्क आहे पण वाट बिकट आहे, तेथे दलाल उभा राहतो. ‘दावा मिळवून देण्याची सेवा’ अशी पाटी लावून तो रकमेचा हिस्सा ठरवतो, कोऱ्या अर्जावर अंगठा घेतो, आधार क्रमांक व मोबाईलवर आलेला सांकेतिक अंक मागतो. दाव्यासाठी भविष्य निधी कार्यालय कोणतेही शुल्क घेत नाही. त्रयस्थांच्या हाती आपली माहिती देऊ नका, असा इशाराही त्याने सदस्यांना दिलेला आहे. तरी कामगार दलालाकडे जातो, कारण दलाल त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतो आणि कार्यालय त्याला परत पाठवते. ही आपल्याही कामातील उणीव आहे. दलालाची निंदा करून ती भरून निघणार नाही. त्याची जागा कामगारांच्या मदत-केंद्राने घेतली पाहिजे.

या केंद्राने नेमके काय करावे?

पहिले काम कागद जमवण्याचे. जुनी पगारचिठ्ठी, हजेरीपत्र, ओळखपत्र, निधीची वार्षिक पावती यांपैकी काहीही चालेल. निधीच्या जुन्या क्रमांकात राज्याचे व कार्यालयाचे चिन्ह, आस्थापनेचा क्रमांक आणि शेवटी कामगाराचा खाते क्रमांक असतो. एकाच खात्यातील एका सहकाऱ्याची चिठ्ठी सापडली तरी आस्थापनेचा क्रमांक कळतो, आणि पन्नास जणांची वाट मोकळी होते.

दुसरे काम नावाचे. कारखान्याच्या नोंदवहीत ‘बाळू’, आधारावर ‘बाळासाहेब’. एवढ्यावर अर्ज फेटाळला जातो. म्हणून दावा करण्यापूर्वी दुरुस्ती. आस्थापना बंद असेल तर बँक व्यवस्थापक किंवा राजपत्रित अधिकारी यांच्या साक्षांकनाचा मार्ग आहे, हे ठामपणे सांगावे.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे: घाईने पैसे काढू न देणे. समजा एका कामगाराने तीन ठिकाणी चार-चार वर्षे नोकरी केली. प्रत्येक वेळी त्याने निवृत्तिवेतनाची रक्कमही काढून घेतली तर त्याच्या हाती किरकोळ पैसे पडतात व हक्क संपतो. तीच खाती जोडली तर सेवा 12 वर्षांची होते, आणि 10 वर्षांची अट पूर्ण होऊन तो आजन्म निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. टक्केवारीवर जगणारा दलाल हे कधी सांगणार नाही, कारण निवृत्तिवेतनात त्याला हिस्सा नसतो.

चौथे काम विधवांचे. सेवेत असताना कामगार मरण पावला तर त्याच्या कुटुंबाचे तीन स्वतंत्र हक्क असतात: निधीची शिल्लक, कुटुंब निवृत्तिवेतन आणि 1976 च्या ठेवसंलग्न विमा योजनेची रक्कम. या विम्याची कमाल मर्यादा 2021 पासून 7 लाख रुपये आहे. कित्येक घरांत शिल्लक तेवढी मिळते आणि विम्याचे नावही कोणी काढत नाही. प्रत्येक मृत्यूनंतर ‘तिन्ही दावे केले का?’ हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

शेवटचे काम मालकाविषयीचे. काही ठिकाणी खाते सापडते, पण आत पैसा नसतो, कारण कापलेली रक्कम भरलेलीच नसते. हा विसराळूपणा नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तो फौजदारी विश्वासघात आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार भविष्य निधी, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटीची रक्कम वाटपाच्या मालमत्तेत धरता येत नाही. अशी प्रकरणे एकेकट्याने लढू नयेत. सामुदायिक तक्रार नोंदवावी. 2023 पासून ‘निधी आपके निकट’ या नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत दरमहा शिबिर भरते. तेथे एकट्या वृद्धाला पुढची तारीख मिळते. पन्नास जण यादीसह गेले तर अधिकाऱ्याला संचिका उघडावी लागते.

मित्रहो, यातून व्यवस्था बदलणार नाही, हे मी जाणतो. परंतु जो कार्यकर्ता म्हाताऱ्या कामगाराला त्याचे अडकलेले चाळीस हजार मिळवून देऊ शकत नाही, त्याने सांगितलेल्या मोठ्या गोष्टींवर त्या घरातील तरुण कशाला विश्वास ठेवील? येत्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या वस्तीतील दहा घरे गाठावीत आणि एकच विचारावे: या घरात कोणी, कधीतरी, कोठेतरी कारखान्यात होते काय? उत्तर बहुधा होकारार्थी येईल. जुनी पत्र्याची पेटी उघडली जाईल. त्या पेटीतल्या पिवळ्या पडलेल्या कागदापासून आपले काम सुरू होते.