एका नावाखालचे अनेक ग्रंथ
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय माझ्याच निवडीवर सोपविण्यात आला, तेव्हा मी कै. इरावती कर्वे यांच्या ग्रंथांची निवड केली. कुंभार समाजाच्या मेळाव्यात या विदुषीचे काय प्रयोजन, असे कित्येकांच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच.

आपल्या ग्रंथालयात बाईंची पुस्तके तीन कपाटांत विभागलेली आहेत. ‘युगान्त’ धर्म आणि पुराणे यांच्या कपाटात आहे, ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘गंगाजल’ ललित वाङ्मयात आहेत, आणि ‘हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ समाजशास्त्राच्या, म्हणजे सहसा कोणी न उघडणाऱ्या, कपाटात आहे. ग्रंथपालांचा यात काही दोष नाही. विषयवार मांडणी करावयाची तर असेच करावे लागते. परंतु त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की, या तीन निरनिराळ्या बाया असून केवळ नाव सारखे आहे. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. महाभारतावर लिहिताना, वारीत चालताना आणि माणसांची डोकी मोजताना बाई एकाच प्रश्नाच्या मागे होत्या. माणूस कोणाला आपला म्हणतो आणि कोणाला परका, हा तो प्रश्न होय.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातील म्यिंग्यान येथे. तेथील इरावती नदीवरून नाव ठेवले. शिक्षण पुण्यास हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. मुंबईस डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली 1928 साली एम. ए. साठी त्यांनी प्रबंध लिहिला, तो चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर. दुसऱ्याच्या जातीचे वर्णन करणारे पुष्कळ असतात. आरंभ स्वतःच्या घरापासून करणारे थोडे, आणि तेही पुष्कळदा गौरवासाठीच. विवाहानंतर त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई झाल्या. 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन व संशोधन केले आणि 11 ऑगस्ट 1970 रोजी त्या निवर्तल्या.

एम. ए. नंतर त्या बर्लिनला गेल्या. तेथे ऑयगेन फिशर या प्राध्यापकांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या दोन्ही बाजूंतील विषमतेचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. हे फिशर महाशय वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते, आणि पुढे नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाला त्यांच्या विद्वत्तेचा आधार मिळाला. अशा गुरूच्या संस्थेत बसून या मराठी मुलीने कवट्या मोजल्या, आणि निष्कर्ष मांडला तो असा की, ही विषमता आणि वंश यांचा काही संबंध आढळत नाही. जे मापात आले तेच लिहिले. बाईंचे इतर सारे लेखन बाजूला ठेवले, तरी एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना नमस्कार करीन.

डोकी तपासण्याची गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. तेर येथे संतमंडळी जमली असता गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा आपल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. काकांनी थापटून पाहिले, बाईंनी मोजून पाहिले. मात्र बाईंचे माप शहाणपणाचे नव्हते, कच्चे-पक्के ठरविण्याचे तर नव्हतेच. ते माप कोणते गट एकमेकांना किती जवळचे, हे अजमावण्यासाठी होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू सोसायटी’ या ग्रंथात बाईंनी जे सिद्धान्त मांडले, त्यांच्यासाठी त्यांनी एक ठळक उदाहरण घेतले, ते महाराष्ट्रातील कुंभारांचे. आपण ज्यांना पोटजाती म्हणतो, ते थोरचाके, लहानचाके इत्यादी गट. घुर्ये यांचे मत असे की, मूळ जात एक असते आणि कालांतराने तिचे तुकडे पडून पोटजाती होतात. बाईंनी आपल्या गुरूंचे हे मत नाकारले. एकाची फिरकी मोठी, दुसऱ्याची लहान, प्रदेश निराळे, बेटीव्यवहार नाही, शरीरमापेही जुळत नाहीत. तेव्हा हे एकाच मडक्याचे तुकडे नव्हेत. निरनिराळ्या समूहांनी मातीकामाचा एकच धंदा धरला आणि बाहेरच्या लोकांनी त्या सर्वांना कुंभार हे एक नाव दिले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्या गटात लग्ने होतात तीच खरी जात. ‘कुंभार’ किंवा ‘ब्राह्मण’ हा अशा अनेक जातींचा एक पुंजका. पुढे 1968 मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची अशीच तुलना प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्याला एक न्याय आणि स्वतःला दुसरा, असे त्यांनी केले नाही.

आपल्या प्रत्येक मेळाव्यात व्यासपीठावरून सांगितले जाते की, ‘आपण सारे मुळात एक होतो, मध्यंतरी फुटलो, आता पुन्हा एक होऊ या.’ हेतू उत्तम आहे. परंतु बाईंचा ग्रंथ खरा मानला, तर या वाक्याचा पायाच निघून जातो. म्हणूनच आपल्यातील काही विद्वान मंडळी या ग्रंथाचे नाव काढीत नाहीत, आणि काही मंडळी नेमके याच्याच आधारे म्हणतात की, पोटजातींत लग्ने न होणे हेच स्वाभाविक आहे. मला दोन्ही भूमिका मान्य नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रंथ 1961 चा आहे. शरीरमापे हे फार ढोबळ साधन होते. त्यानंतर शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार भारतातील समूहांचे परस्परांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात होत होते, आणि त्यानंतर हळूहळू आपापल्या गटातच लग्न करण्याची रीत घट्ट झाली. तेव्हा आधी सारे अलगच होते, असेही म्हणता येत नाही. थोरचाके-लहानचाके यांचेच काय, समोरच्या आळीतल्यांचे आणि आपलेही पूर्वज कोठेतरी मिसळलेले आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकत्र येण्यासाठी पूर्वी एक असणे आवश्यक आहे, असे कोणी ठरविले? पती-पत्नी पूर्वी एका घरात असतात काय?

याच प्रश्नाचा एक धागा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या 1953 च्या ग्रंथात आहे. नातेसंबंधांवरील हा ग्रंथ इंग्रजीत आहे आणि जड आहे, परंतु त्यातील सामग्री आपल्या ओटीवरची आहे. आत्या, मामा, जाऊ, नणंद हे शब्द, ओव्या, म्हणी यांतून बाईंनी देशभरातील कुटुंबाची घडण दाखविली. उत्तरेत मुलगी अनोळखी गावी, अनोळखी घरी द्यावयाची. दक्षिणेत ती नात्यातच द्यावयाची, म्हणजे सासू ही बहुधा आत्याच. आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. येथे मामाची मुलगी करणाऱ्या जातीही आहेत आणि ते निषिद्ध मानणाऱ्याही. हे वाचल्यावर ‘आमची रीत तीच खरी रीत’ असे म्हणणाऱ्याची जीभ थोडी अडखळते.

महाभारताकडे बाई याच मार्गाने वळल्या. ‘युगान्त’ 1967 साली आले आणि 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे त्यांनी महाभारतातील नात्यांच्या शब्दांवर संशोधनपर निबंध लिहिले होते. म्हणूनच त्यांच्या हाती भीष्म हा देव राहत नाही, कुळाचा भार वाहणारा आणि त्यापायी इतरांची, विशेषतः स्त्रियांची, आयुष्ये मोडणारा पुरुष दिसतो. खांडववन जाळल्याची कथा आपण अग्नीची भूक म्हणून ऐकत आलो. बाई विचारतात, त्या रानात राहणाऱ्या नागांचे काय झाले? विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा, हा त्यांचा तर्क मात्र मला पटत नाही. पुरावा थोडा आणि चतुराई अधिक, असे तेथे झाले आहे. परंतु खांडववनाविषयी प्रश्न करणाऱ्या याच लेखिकेच्या नावावर कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणीही आहे, 1969 मधील, जाई निंबकर यांच्यासह केलेली. हे दोन ग्रंथ वेगवेगळ्या कपाटांत आहेत म्हणून त्यांचे नाते कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता ‘वाटचाल’ या लेखाविषयी सांगतो. बाई पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालत गेल्या. एकच दिंडी, एकच अभंग, परंतु स्वयंपाक आणि पंगती ब्राह्मणांच्या निराळ्या, मराठ्यांच्या निराळ्या. बाईंना याचे दुःख झाले. त्या मराठा बायकांच्या पंगतीत जेवल्या, तेव्हा त्या बायका मोकळेपणाने बोलू लागल्या. मोजमापांच्या तक्त्यांतून बेटीव्यवहाराची भिंत दाखविणारी हीच बाई. भिंत आहे असे शास्त्रज्ञ म्हणून लिहिले, आणि पानावर बसण्याची वेळ आली तेव्हा ती ओलांडली. लेखिका समजून घ्यावयाची असेल, तर हा लेख आणि ‘हिंदू सोसायटी’ एकापाठोपाठ वाचावेत, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. इंग्रजी अडले तर शब्दकोश आहे. केवळ शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्याने तो ग्रंथ शब्दकोशाच्या साहाय्यानेच पुरा केला.

शेवटी या स्मरणिकेसंबंधी एक विनंती. यातील वधू-वर सूचीत नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी आणि त्यानंतर ‘पोटजात’ असा रकाना आहे. गेल्या काही वर्षांत पुष्कळ मुलामुलींनी तो कोरा सोडला, आणि संपादक मंडळाने घरी दूरध्वनी करून तो भरून घेतला. हा रकाना काढावा, असा ठराव मी लेखी दिलेला आहे. कार्यकारिणीने तो आज दुपारच्या बैठकीत घ्यावा. आपण पूर्वी एक होतो की नव्हतो, हे त्या ठरावात कोठेही म्हटलेले नाही. अनुमोदनासाठी एक सही हवी आहे.