पेन्शन की रोजगार?

दिव्यांगांना सरकारी मदत हवी की स्वावलंबन? हा वाद जुना आहे आणि माझ्या मते थोडा खोटाही.

वरोऱ्याजवळची कुष्ठरुग्णांची वसाहत, आनंदवन, आठवा. ती चालवणारी महारोगी सेवा समिती 1949 साली समाजसेवक बाबा आमटे यांनी स्थापन केली. कुष्ठरुग्णांनी स्वतः विहीर खणली, खडकाळ रान पिकवलं, पुढे हातमाग चालवले. हे सगळं खरं. पण ती जमीन सरकारनेच दिली होती, एवढं सांगायचं बहुतेक जण विसरतात!

आजही स्वावलंबनाला सरकारी आधार लागतोच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले. कुष्ठमुक्त व्यक्तीही त्यांत येतात. किमान 40 टक्के अपंगत्व असल्यास सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण मिळतं. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन करता येतो.