ग्वाल्हेरचा किल्ला : पायी चढण्याची वाट

मराठी माणसाला ग्वाल्हेर परके वाटत नाही. इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. येथे येणारा मराठी प्रवासी फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला वंदन करतो, १८७४ साली उभा राहिलेला जयविलास राजवाडा पाहतो आणि उरल्या वेळात पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने मोटारीतून किल्ल्यावर जाऊन येतो. या क्रमात किल्ल्याची एक अमोल वस्तू पाहावयाची राहून जाते.

किल्ला पाहावा तो सकाळी, पायी, पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्याने. पायथ्याशीच गुजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमराने (इ. स. १४८६ ते १५१६) तो राणी मृगनयनीसाठी बांधला; आता तेथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. तेथून चढण एकेक दरवाजा ओलांडीत वर जाते. गणेश दरवाजा मागे पडल्यावर कड्यातच कोरलेले चतुर्भुज विष्णूचे लहानसे मंदिर लागते. घाईत असलेला प्रवासी त्यावरून सहज पुढे निघून जाईल. परंतु येथेच थांबावयाचे आहे. आतील शिलालेख विक्रम संवत् ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा आहे. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि देवाला नित्य वाहावयाच्या माळा ५०, असे त्यात नमूद आहे. या दोन्ही अंकांतील शून्य लहानशा वर्तुळाने कोरलेले आहे. निश्चित कालाच्या कोरीव शून्यचिन्हांत याची गणना अतिप्राचीन म्हणून होते. देवळाचे दार बंद आढळल्यास पहारेकऱ्याकडे विचारणा करावी.

वर हाथी पौर ओलांडताच मानमंदिर येते. त्याच्या पूर्वेकडील भिंतीवरील निळ्या फरशांचे हंस, हत्ती आणि केळीची झाडे सकाळच्या उन्हात विशेष खुलतात. याच किल्ल्यात कैदेत असलेल्या शहाजादा मुरादबक्षाला १६६१ मध्ये देहदंड देण्यात आला. पुढे इ. स. १०९३ चे थोरले सासबहू मंदिर आणि सुमारे शंभर फूट उंचीचे तेलीमंदिर ही दोन्ही निवांतपणे पाहावीत. तेलीमंदिराचे लांबट, गजपृष्ठासारखे शिखर उत्तरेत क्वचितच आढळते.

उतरताना मात्र उरवाईचीच वाट धरावी. ऊन कलल्यावर तेथील पंधराव्या शतकातील भव्य जैन मूर्ती उजळून निघतात. त्यांची मोडतोड करण्याची आज्ञा आपण दिल्याचे बाबराने आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवले आहे. जैन समाजाने पुढे काहींचे मुखवटे पुन्हा घडविले.

सायंकाळी हजिऱ्यास महंमद घौसाच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधीच कबर पाहावी. फुलबाग आणि राजवाडा यांसाठी दुसरा दिवस राखून ठेवावा. किल्ल्यासाठी पायांत भक्कम जोडे आणि जवळ पाणी असावे. उन्हाळ्यात तर सूर्योदयाबरोबरच चढण सुरू करणे इष्ट.