जुनी बोलेरो आणि ब्रेकचा हिशेब

निवेदकांनी माझी ओळख कवी म्हणून करून दिली, आणि मी बोलणार आहे ब्रेकपॅडच्या खर्चावर. श्रोत्यांनी लगेच रेडिओ बंद करू नये. चिपळूणहून वर देशावर जायचं म्हटलं की घाट लागतोच. त्यामुळे आमच्याकडे हा घराघरातला विषय आहे.

आमची बोलेरो 2009 सालची. धाकट्या भावानं घेतली. तो नोकरीला आखातात गेला आणि गाडी माझ्याकडे राहिली. महिन्यातून एकदा अम्मीला डोळ्यांच्या उपचारासाठी कुंभार्ली घाटानं कराडला न्यावं लागतं. मध्यंतरी ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. पुष्कळ पॅडना एक पोलादी पट्टी असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ती ओरडावी म्हणूनच बसवलेली असते.

एका मोठ्या गॅरेजनं 14,600 रुपयांचा अंदाज दिला. त्यात पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड होते फक्त 2,100 रुपयांचे. बाकी दोन नव्या डिस्क, मागचे लायनर, कॅलिपरचं किट, साफसफाई, मजुरी. भाचा म्हणाला, "मामू, दीड लाखाच्या गाडीला पंधरा हजाराचे ब्रेक? विकून टाका."

हा हिशेब बहुतेक सगळेच करतात, आणि तो मला पटत नाही. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, वजन उतरत नाही. माणसांसकट दोन टन भरलेली गाडी ताशी 60 किलोमीटरच्या वेगावरून एकदा थांबवली, तर तिच्या गतीची जी उष्णता होते तिच्यात एक लिटर पाणी जवळजवळ उकळीला येईल. सात-आठ कप चहाचं आधण! घाट उतरताना असं आधण किती वेळा चढतं ते मोजा. त्यातली बरीचशी उष्णता पुढच्या दोन डिस्क आणि चार पॅडवर येते. त्या पॅडना गाडी कितव्या मालकाकडे आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

मग आमच्या आळीतल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं चारही चाकं खोलली. डिस्क किती पातळ झालेली चालते, ते बहुधा डिस्कवरच कोरलेलं असतं. त्यानं व्हर्नियर लावून मला आकडा दाखवला. आमच्या डिस्क त्या मर्यादेच्या बऱ्याच वर होत्या. पॅड मात्र जेमतेम दोन मिलिमीटर उरले होते. नवे असताना ते दहाच्या आसपास असतात. मागचे लायनर बदलायचे, हे मोठ्या गॅरेजचं म्हणणं खरंच निघालं. एका ड्रममध्ये सिलिंडर गळून लायनर तेलकट झाले होते. डिस्कबद्दल त्यांनी भीती घातली, लायनरबद्दल नाही.

शेवटी बिल झालं असं: पॅड 2,100, लायनर 1,300, सिलिंडर 650, ब्रेक ऑइल 400, मजुरी 1,200. एकूण 5,650. या भाषणाच्या मानधनात निदान लायनर तरी बसतील का, असं बायकोनं विचारलं. 2024 मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाचे 5,000 रुपये आम्ही निमूट भरले होते. 2022 च्या एप्रिलपूर्वी तेच 600 होते. कागदासाठी भरताना कुणी गाडी विका म्हणालं नव्हतं.

आणखी महिनाभर तो आवाज ऐकत गाडी चालवली असती, तर पॅडची पोलादी पाठ डिस्कवर घासली असती आणि मोठ्या गॅरेजचा अंदाज खरा ठरला असता.

पण माझं बिल हे घरच्या गाडीचं. वडापवाल्याचं वेगळं. त्याची गाडी एक दिवस गॅरेजात उभी राहिली की दिवसाची कमाई जाते आणि कर्जाचा हप्ता तसाच राहतो. त्याला पॅडपेक्षा तो दिवस महाग पडतो. म्हणून तो आजचं उद्यावर ढकलतो, नाहीतर बिननावाचे स्वस्त पॅड घालून घेतो. ते थंडपणी बरे धरतात, तापले की सोडतात. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. गाडीत बसलेल्या दहा जणांना त्याची ही अडचण ठाऊक नसते. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेवढाच त्याला दिलासा. बुडालेल्या दिवसाची भरपाई मात्र कुणी देत नाही.

ब्रेक ऑइलचे 400 रुपयेही वाचवू नयेत. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. डॉट 4 प्रतीचं कोरडं तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 वर येऊ शकते. तेल उकळलं की वाफ होते, आणि पाय दाबला तरी वाफच दबते. दोन वर्षांनी बदलून घ्यावं.

नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर डिस्कवर बसायला लागतात, तोवर जोरात ब्रेक मारू नका, असं मिस्त्रीनं बजावलंय. मंगळवारी कराडची खेप आहे. घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरणार. मागचे हॉर्न वाजवतील. अम्मीला ऐकू कमी येतं, तिची काही तक्रार नसेल.